डिकीतली दोरी

सोमवार, ४ मार्च

आज गाडी परत मिळाली. सकाळी दुकानात एका आजोबांचा चष्मा बसवून दिला, अर्धी रजा टाकली आणि पोलीस ठाण्यात गेले. हवालदाराने सह्या घेतल्या आणि किल्ली दिली. गाडी मागच्या आवारात भंगाराच्या स्कूटर्समध्ये उभी होती. डिकीच्या कडेला पांढऱ्या खडूने गोल केलेला होता. हवालदार म्हणाला, "आता पुसला तरी चालेल." मी पुसला.

आत बसले तर पाय पॅडलला पोचेनात. सीट धाकट्याच्या मापाने मागे होती. ती पुढे घ्यायची सोय स्क्रीनवर, आणि स्क्रीन काळी. पर्स आणि शाल पाठीमागे कोंबून घरी आणली.

जे झालं ते एकदाच लिहून ठेवते, म्हणजे परत लिहायला नको. धाकटा भाऊ बाजारामागच्या चार्जिंग स्टेशनवर गेला होता. गाडी चार्ज झाली आणि स्क्रीन बंद पडली. गेले वर्षभर ती अशीच मधूनमधून बंद पडायची. केबलच्या टोकाला जी मूठ असते तिला गन म्हणतात. ती सोडायचं बटणही स्क्रीनवरच. गन सुटेना, गाडी हलेना, आणि मागे एक डिलिव्हरीची व्हॅन थांबलेली. व्हॅनवाला आधी हॉर्न वाजवत राहिला, मग उतरून शिव्या द्यायला लागला. धाकटा म्हणाला, "एक मिनिट दादा, डिकीत दोरी असते, ती ओढली की सुटते." तो डिकीत वाकला. व्हॅनवाल्याने वरून झाकण आपटलं. एकदा नाही. मानेवर.

व्हॅनवाला म्हणतो, झाकण आपोआप पडलं. स्टेशनच्या वॉचमनने त्या दिवशी सगळं सांगितलं होतं. आता म्हणतो, माझी पाठ होती. व्हॅनवाला जामिनावर बाहेर आहे.

गुरुवार, ७ मार्च

सकाळी काच फुटल्याचा आवाज आला. भावजय हातोडी घेऊन गाडीची मागची काच फोडत होती. अंगात गाऊन, पायात काही नाही, काचांवर उभी. अण्णा सुनेला धरायला गेले तर ती त्यांच्या हाताला चावली. अण्णांनी हात सोडवला नाही, तसाच तिच्या तोंडात राहू दिला. मग ती खाली बसली.

"जाळून टाका ही," ती म्हणाली. "ताई, तुम्हाला काय मिरवायची हौस आली आहे हिच्यात? काय म्हणून आणलीत दारात?"

मी म्हटलं, "दुरुस्त करणार आहे."

"कोणासाठी?"

तिच्या तळव्यातले काचेचे तुकडे दुकानातल्या चिमट्याने काढले. चष्म्याच्या बारीक स्क्रूसाठी तो मी पर्समध्ये ठेवते. ती हूं का चूं करत नव्हती. मला वाटतं तिला बरं वाटत होतं.

अण्णा हातावर दातांच्या खुणा बघत म्हणाले, "डबडं आहे ते. विक. नाहीतर मागच्या काचेतून आत कोंबड्या तरी सोड." कोणी हसलं नाही. मग ते म्हणाले, "आणि गाडी आणलीस तेव्हा गेट उघडं राहिलं होतं. कुत्री शिरली होती." हे खरं नाही. गेट मी लावलं होतं. गेट मी कधीच उघडं टाकत नाही. हातोडी धुऊन, पुसून जागेवर ठेवली.

शनिवार, ९ मार्च

गाडी एका दुरुस्तीवाल्याकडे दाखवायला नेली. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने हे मॉडेल बंद झाल्याचं सांगून हात वर केले होते. हा माणूस आधी टीव्ही दुरुस्त करायचा, मग फोन, आता गाड्यांचे कॉम्प्युटर. सगळे त्याला डॉक्टर म्हणतात. त्यानेही गळ्यात भिंग अडकवलेलं असतं, स्टेथोस्कोपसारखं.

त्याने डॅशबोर्डला कान लावल्यासारखं केलं. "ताई, याची मेमरी झिजली आहे. दोष कुणाचाच नाही. याला खोड एकच, जे होईल ते लिहून ठेवायचं. दार उघडलं लिही, ब्रेक दाबला लिही, पाऊस आला लिही. लिहून लिहून पाटीच घासली. आता सुरू झालं की स्वतःचं नाव आठवेपर्यंत दम लागतो, आणि आठवलं नाही की डोळे मिटतो."

"बदलता येईल?"

"अख्खा कॉम्प्युटर बदलू, स्क्रीनसकट. नवा एकदम तल्लख आहे, बोट टेकायच्या आत कामाला लागतो. जुन्यातलं काय काय ठेवायचं? गाणी, पत्ते, सीटचं माप?"

मी म्हटलं, त्याचं सीटचं माप राहू द्या. माझं वेगळं घाला.

मग विचारलं, "समोर काही आलं की ही गाडी स्वतःच ब्रेक मारते. ते बंद करता येतं का?"

"येतं की. तेही स्क्रीनवरूनच. पण का बंद करायचं? चांगली सोय आहे. समोर माणूस दिसला की तुम्ही पॅडल कितीही दाबा, गाडी तुमचं ऐकत नाही."

"मला दचकायला होतं."

"बरं," तो म्हणाला, आणि मागे जाऊन डिकी बघून आला. काच का फुटली ते त्याने विचारलं नाही. माल यायला आठवडाभर लागेल असं म्हणाला.

सोमवार, ११ मार्च

सकाळी बँक, मग बाजारामागून दुकानात गेले. ते वाटेवर नाही. पण लिहिताना वाटेवर आहे असं लिहायचा मोह झाला, म्हणून मुद्दाम लिहिते की नाही.

व्हॅनवाला रोज सकाळी तिथे येतो असं दिसतं. शेवटच्या चार्जरला, भिंतीच्या कडेला व्हॅन लावतो, आणि चार्जिंग होईपर्यंत खोके उतरवून वाटपाच्या क्रमाने भिंतीशी रचतो. खोके रचताना त्याची पाठ रस्त्याकडे असते. हिरवं जाकीट, कोपरावर फाटलेलं. माझ्या देखत त्याने चार्जरच्या खांबाला लाथ मारली, कारण कार्ड लागत नव्हतं. वॉचमन खुर्चीवर बसून बघत होता. वॉचमनची पाठ नसते. त्याची खुर्ची चार्जर्सच्या समोरच आहे.

गुरुवार, १४ मार्च

कोर्टात पुढची तारीख मिळाली. व्हॅनवाल्याचा वकील तरुण आहे, हसरा आहे. म्हणाला, "गाडी जुनी, तिचा कॉम्प्युटर जुना. स्क्रीन आपोआप बंद पडते हे फिर्यादीच सांगतात. मग झाकण आपोआप का पडणार नाही?" मागच्या बाकावर कोणीतरी हसलं.

बाहेर जिन्यात भावजय व्हॅनवाल्याच्या तोंडावर थुंकली. त्याने बाहीने पुसलं आणि मूठ वळली. त्याचा वकील मध्ये आला. मी ती मूठ बघत होते. माझ्या हाताच्या दीडपट आहे.

घरी येताना भावजय म्हणाली, "आत्ता कॉम्प्युटर बदलायची काय घाई आहे, ताई? निकाल लागू दे." मी म्हटलं, निकालाशी याचा काही संबंध नाही. तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि मग खिडकीबाहेर बघितलं.

आज लेन्स घासताना मशीनवर बोट गेलं. नखाचा कोपरा उडाला. रक्त बघून बरं वाटलं. हे लिहायला बरं वाटत नाही.

मंगळवार, १९ मार्च

कॉम्प्युटर बदलला.

मी पूर्ण वेळ तिथेच स्टुलावर बसून होते. डॉक्टरने समोरचा कप्पा काढला, डॅशबोर्डची पट्टी उचकटली. जुन्या स्क्रीनच्या कडेने पिवळा चिकट द्रव ओघळला होता, तो त्याच्या बोटांना लागला. "गोंद आहे, वितळतो उन्हाने," तो म्हणाला. मी विचारलं नव्हतं. पट्टीच्या फटीतून च्युइंगमचा घडी घातलेला कागद निघाला. धाकटा कागदाची होडी करायचा. ही अर्धीच होती. मी ती पर्समध्ये ठेवली.

नवी स्क्रीन लागली तेव्हा गाडीत उजेड पडला. सगळं स्वच्छ दिसत होतं, पहिल्यांदा चष्मा लावल्यावर लोक म्हणतात तसं. डॉक्टरने मला सीटचं दाखवलं. किल्ली धाकट्याची आहे, म्हणून बसल्याबरोबर त्याचं माप लागतं. आपलं नाव दाबलं की सीट सरकत पुढे येते. मग गन लावून सोडून दाखवली. टक आवाज झाला आणि सुटली. मी तिथून उठून जरा बाहेर जाऊन आले.

परत आल्यावर म्हटलं, ब्रेकचं दाखवा.

त्याने शेडच्या टोकाला एक रिकामा खोका उभा केला, वर एक जुनी टोपी ठेवली, आणि शेजारी बसून म्हणाला, "मारा." मी पॅडल दाबलं. गाडी खोक्यापाशी जाऊन गपकन थांबली. "आता बंद करू. गाडीची आकृती, मग सुरक्षा, मग सगळ्यात खालची ओळ." मी बोट टेकवलं. परत मागे घेऊन पॅडल दाबलं. खोका खाली गेला. चेंगरताना त्याचा आवाज अगदी बारीक आला. टोपी चाकाखालून बाहेर काढली तेव्हा तिच्यावर टायरची नक्षी उठली होती.

"अजून एकदा," मी म्हटलं.

"ताई, माझे खोके संपतील."

"एकदाच."

दुसऱ्या वेळी मी गाडी मागे घेऊन परत पुढे नेली. डॉक्टर हसायचा थांबला होता.

"हे एकदा बंद केलं की बंदच राहतं ना?" मी विचारलं.

तो फडक्याने बोटांवरचा गोंद पुसत होता. बराच वेळ पुसत होता. "राहतं की," तो म्हणाला. मग म्हणाला, "तुमचा भाऊ इथे येऊन गेला होता. सहा महिन्यांपूर्वी. पुढच्या महिन्यात करू म्हणाला. फार हसवायचा हो."

मी मान हलवली आणि निघाले.

शुक्रवार, २२ मार्च

मला जे करायचं आहे ते या वहीत कुठेही लिहिलेलं नाही. आत्ता मागची पानं चाळली तेव्हा दिसलं की नाही लिहिलं तरी दिसतं.

भीती वाटते का, ते तपासलं. वाटते. पण जेवण गेलं. अण्णांनी दोनदा विचारलं, "काय झालंय तुला? आज भांडली नाहीस." मी एरवीही भांडत नाही. ते तसं म्हणतात, मी भांडावं म्हणून.

चूक-बरोबर मी धरून चालत नाही असं नाही. धाकट्याला हे आवडलं नसतं, हेही मला कळतं. पण धाकट्याला बऱ्याच गोष्टी आवडायच्या नाहीत, आणि त्याला विचारून कोणी काही केलं नाही. त्या दिवशी तो त्या माणसाला दादा म्हणाला होता. हे मला सहन होत नाही. बाकीचं होईल कदाचित.

शनिवार, २३ मार्च

दुपारी लिहिते आहे. ओठ सुजला आहे, पण लिहायला ओठ लागत नाही.

सकाळी अंगणात गाडीत बसले. सीट माझ्या मापाला आणली. ब्रेक बंद केला: आकृती, सुरक्षा, खालची ओळ. गाडी रस्त्यावर काढली, उतरले, गेट लावलं, कडी घातली. परत बसले तर सीट धाकट्याच्या मापाला गेली होती. पुढे घेतली आणि निघाले.

स्टेशनवर नेहमीसारखंच होतं. शेवटच्या चार्जरला व्हॅन, भिंतीशी खोके. तो वाकून सगळ्यात खालचा खोका सरळ करत होता. पाठ माझ्याकडे. धाकट्याचीही पाठच होती. मी चाक सरळ केलं आणि पॅडल तळापर्यंत दाबलं.

गाडी उसळली. जाकिटाचं फाटलेलं कोपर मोठं होत गेलं. मग कोणीतरी गाडीला मागून धरावं तशी ती थांबली. पट्टा खांद्यात रुतला, डोकं पुढे जाऊन मागे आपटलं. स्क्रीनवर माणसाची लाल आकृती आली आणि खाली लिहून आलं, टक्कर टळली. मी पॅडल सोडलं नाही. दाबतच राहिले, दोन्ही पायांनी. गाडी नुसती घुं करत होती. ती माझं ऐकत नव्हती.

तो वळला. हात न लांबवता त्याचा पंजा बॉनेटवर टेकला, इतका जवळ होता.

"आंधळी आहेस का गं? डोळे फुटले?" त्याने बॉनेटवर दोन्ही मुठी आपटल्या. मग दार उघडलं, माझे केस धरले आणि बाहेर ओढलं. पट्टा लावलेला होता, तर तो पट्ट्यासकट ओढत राहिला, मग पट्टा सोडून ओढलं. पहिली थप्पड होती. दुसरी मूठ. तोंडात दात हलल्याचं कळलं. मी त्याच्या मनगटाला चावले, भावजय अण्णांना चावली तशी, पण त्याने लगेच हिसका दिला. खोके कोसळले. त्याने माझं डोकं गाडीच्या चौकटीत दाबून धरलं आणि दुसऱ्या हाताने दार धरलं. दार मागे जाताना मला दिसलं.

"अरे सोड!" वॉचमन खुर्चीवरून उठून ओरडला. "सोड तिला! परत तेच? त्याला मारलंस तसंच? तेव्हाही आपटत राहिलास, तो हातपाय झाडायचा थांबला तरी आपटत राहिलास!"

चार्जरवर थांबलेली माणसं गाड्यांमधून बाहेर आली होती. वॉचमनने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला होता. मग हात काढून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मी बघितलं होतं. माझी पाठ नव्हती. याच्या भावाने येऊन पोराबाळांचं नाव काढलं, म्हणून बोललो तसं."

व्हॅनवाल्याने दार सोडलं. तो मागे सरकत सरकत गाडीच्या मागच्या बाजूला गेला, डिकी बघितली, फुटलेली काच बघितली आणि पुढे आला. त्याने आत्ता ओळखली गाडी.

"तो तुमचा कोण?"

"धाकटा," मी म्हटलं. तोंडातून शब्द नीट आला नाही. परत म्हटलं, "धाकटा भाऊ."

तो गाडीच्या समोर, पडलेल्या खोक्यांमध्ये खाली बसला. पळाला नाही. "मला घाई होती," तो म्हणाला. माझ्याकडे बघून नाही, खोक्यांकडे बघून. "रोजच घाई असते."

मी गाडीत बसले आणि दार लावलं. तो समोरच होता, भिंत आणि बॉनेट यांच्या मध्ये, बसलेला. मला हवं होतं त्याहून सोपं. आणि मी बसल्याबरोबर सीट मागे सरकायला लागली. हळू, न हिसकता, धाकट्याच्या मापापर्यंत. माझे पाय पॅडलवरून सुटले आणि लोंबत राहिले. तेव्हा कळलं. गेट लावून आले तेव्हा सीटसारखाच ब्रेकही परत मूळपदावर गेला होता. सीट मला जाणवली. ब्रेक जाणवला नाही.

आता मला माहीत होतं. स्क्रीन समोर होती, तल्लख. माझं नाव, म्हणजे सीट पुढे. मग आकृती, सुरक्षा, खालची ओळ. माणसं बाहेर उभी होती, पण त्यांच्यातलं कोणी गाडीच्या आणि त्याच्या मध्ये नव्हतं. रक्त हनुवटीवरून कुडत्यावर पडत होतं. मी बोट वर केलं.

सीट पुढे घेतली. तेवढंच केलं. गाडी मागे घेतली आणि घरी आले.

का, ते मला सांगता येत नाही. चांगुलपणाने नाही हे नक्की. अजूनही हात शिवशिवतात. फक्त पाय लोंबत होते तेव्हा मी फार लहान आहे असं वाटलं, आणि धाकटा मला हसेल असं वाटलं.

घरी उतरून गेट लावलं.

रविवार, २४ मार्च

भावजयीने काल ओठ बघून विचारलं, "कोणी?" मी म्हटलं, दार लागलं. तिने फडक्यात बर्फ गुंडाळून दिला आणि स्वतःच धरून ठेवला. आज सकाळी तिला आमच्या वकिलांचा फोन आला. वॉचमन त्यांच्याकडे गेला होता. ती बोलणं ऐकत माझ्याकडे बघत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "ताई, दार कोणतं लागलं ते मला सांगायचं नसेल तर नका सांगू." मग स्वयंपाकघरात जाऊन भांडी जोरजोरात आपटायला लागली. अण्णा म्हणाले, "हां, आता घर वाटतंय."

डॉक्टरला फोन केला. विचारलं, ते ब्रेकचं, दार उघडलं की परत सुरू होतं का?

"होतं ना. उतरून बसलात की सगळं पहिल्यासारखं. कंपनीने तसंच ठेवलंय. मी सांगितलं नव्हतं का?"

"नाही. तुम्ही म्हणालात, बंदच राहतं."

"विसरलो असेन," तो म्हणाला. "वय झालं, ताई. माझीही मेमरी झिजली." मग विचारलं, "सगळे बरे आहेत ना?"

मी म्हटलं, बरे आहेत. चांगला माणूस आहे, पण इतका विसरभोळा असून हे नाजूक काम कसं करतो कोण जाणे.

संध्याकाळी दुकानातलं लेन्स पुसायचं फडकं घेऊन गाडीत बसले आणि स्क्रीन पुसली. बोटांचे डाग होते, एका कोपऱ्यात रक्त सुकलं होतं. ते निघायला वेळ लागला. धाकट्याचं माप काढून टाकायचं का, असं स्क्रीनवर विचारता येतं. मी ते पान उघडलं आणि बंद केलं.

मग खाली उतरून भिंतीवरची केबल घेतली आणि गन लावली. हिरवा दिवा लागला. गाडी चार्ज व्हायला लागली तसा आतून बारीक आवाज यायला लागला. परत आत वाकून स्क्रीनवरचं बटण दाबलं. टक झालं. बाहेर येऊन गन ओढून बघितली. हाताला जोर न लागता सुटली.

परत लावली आणि आत आले.